पन्नास जोड डिस्क ओतून द्या : उद्यमनगर ते कागल, सगळ्या कारखानदारांना आणि मिस्त्रींना खुलं पत्र

रामराम मंडळी,

उद्यमनगरातले मिस्त्री, शिरोलीचे फौंड्रीवाले, गोकुळ शिरगाव आणि कागल फाईव्ह स्टारमधले मालक लोक, सगळ्यांना एकत्रच लिहितोय कारण काम एका शेडमध्ये पुरं होणारं नाही, ओतकाम एकाकडं, टर्निंग दुसऱ्याकडं, बॅलन्सिंग तिसऱ्याकडं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांचा डिस्पॅच अडकलाय त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. आम्हाला जुन्या गाड्यांच्या पुढच्या ब्रेक डिस्क पाहिजेत. मूळ मापाच्या, मूळ वजनाच्या, टीसीसकट, म्हणजे मटेरियल तपासल्याच्या दाखल्यासकट. पन्नास जोड, आणि पैसे आगाऊ. हे वाचून बऱ्याच जणांनी मान हलवली असणार की पन्नास नगाला कोण पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) काढतंय. माहितेय मला. मी पण एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीलाच आहे, आमच्याकडं कोण पन्नास नगाची एन्क्वायरी घेऊन आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावतात. तरी पुढचं वाचा.

आम्ही म्हणजे कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी, थोडे बेळगावचे, असे जुन्या पळणाऱ्या गाड्या धरून बसलेले लोक. कुणाकडं २००० सालच्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक आहे, दीड लिटरचं १०६ बीएचपीचं इंजिन, ती गाडी विकायला कोण तयार होत नाही. कुणाकडं लान्सर, कुणाकडं पहिली ऑक्टाव्हिया आरएस. एकानं गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म जपून ठेवलीय, दोन सीटची, फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं इंजिन, ती रंकाळ्यावरनं गेली की पोरं अजून विचारतात हे कुठल्या कंपनीचं. माझ्याकडं पॅलिओ १.६. फियाटनं २००१ ला ही गाडी आणली तेव्हा जाहिरातीत सचिन होता, पुढं त्याच्या नावाची एस१० पण निघाली, १५९६ सीसी, १०० बीएचपी, आणि लोकांनी मायलेज विचारलं आणि सोडून दिली. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या गाड्यांना परदेशातला माणूस स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, पण आपल्याकडं त्या काळात खिशाला परवडणारी जी मजा होती ती एवढीच होती आणि त्यानंतर जे आलं त्यात टचस्क्रीन जास्त आणि स्टिअरिंगमध्ये जीव कमी.

या गाड्या आम्ही रोजच्या रस्त्यावर चालवतो, आणि जमेल तेव्हा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेतो. ट्रेलर बिलर नाही. इथनं चालवत जायचं, तिथं दिवसभर पळवायची, आणि त्याच गाडीत बसून हायवेनं घरी यायचं. म्हणून पूर्ण रेसची गाडी करून आमचं भागत नाही. सीट काढून टाकल्या, एसी काढला, स्प्रिंगा दगडासारख्या टाकल्या, तर ती गाडी गगनबावड्याच्या रस्त्यानं पावसात कुणी चालवायची आणि घरातल्यांना त्यात बसवायचं कसं. आमचं मॉडिफिकेशन म्हणजे बहुतेक वेळा जुनी गाडी नवी होती तशी करणं आणि एक-दोन ठिकाणी तिच्याहून थोडी बरी करणं, एवढंच. आणि नेमका तिथंच गाडा अडतो, कारण पार्ट नाही. फियाटनं २०१९ ला भारतात गाड्या विकणं बंद केलं, पॅलिओ त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती, शोरूमच्या पार्ट काउंटरवर आता पॅलिओ म्हटलं की समोरचा पोरगा मोबाईलवर फोटो दाखवा म्हणतो.

आता डिस्कचं सविस्तर लिहितो, कारण अडचण तिथंच आहे आणि तुमचा धंदाच तो आहे.

गाडी आणि चालवणारा मिळून ११०० किलो धरा. १२० च्या स्पीडवरनं ब्रेक मारून ६० वर आणली तर साडेचारशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन कुठंतरी जायला पाहिजे. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर येते असं धरा, दोन्ही डिस्क मिळून १० किलो बीड (ओतीव लोखंड) धरा, म्हणजे ढोबळ हिशोबानं एका ब्रेकिंगला डिस्क साठेक अंशानं तापली. रस्त्यावर हे काहीच नाही, पुढचा ब्रेक मारेपर्यंत वाऱ्यानं उतरतं. ट्रॅकवर पुढचं वळण काही सेकंदांवर असतं, तोवर वीस-पंचवीस अंश उतरले तर उतरले, की लगेच वरनं परत साठ. चार-पाच लॅपमध्ये चारशे-पाचशेची गोष्ट सुरू होते. पाचशेच्या पुढं गेलं की अंधारात लोखंड कसं दिसायला लागतं ते भट्टीवर उभं राहणाऱ्याला विचारायची गरज नाही.

म्हणजे डिस्कमधलं वजन हेच आमचं भांडवल. आणि बाजारात जी डिस्क मिळते तिच्यात नेमकं तेच चोरलेलं असतं. मिळत नाही असं नाही हां, कुर्ल्याच्या भंगार बाजारातनं मिळते, ऑनलाईन बिननावाच्या डब्यातनं येते, पण वजनकाट्यावर ठेवली की मूळपेक्षा हलकी. व्हेंटिलेटेड, म्हणजे आतनं हवेच्या वाटा असलेली डिस्क असली तर आतला कोअर (त्या वाटा पाडणारा वाळूचा ठोकळा) सरकलेला, एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ, व्हेनच्या (आतल्या पात्यांच्या) जागी वाळू चिकटून अर्ध्या वाटा बंद. थंड असताना डायल गेज (बारीक फरक दाखवणारं माप) लावा, सगळं बरोबर दिसेल. तापली की दोन भिंती वेगवेगळ्या फुगतात, डिस्क थाळीसारखी एका बाजूला झुकते आणि पेडल पायाखाली थरथरायला लागतं. ही डिस्क बनवणाऱ्याला आपला माल कुठं जाणार आहे याचं घेणंदेणं नव्हतं.

इथं एक गोष्ट गाडीवाल्यांसाठी पण सांगून ठेवतो कारण हे पत्र ते पण वाचणार. पेडल थरथरलं की गॅरेजमध्ये सरळ सांगतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते. जाडी गोल फिरताना सारखी राहिलेली नसते, किंवा तापलेल्या डिस्कवर पाय दाबून गाडी उभी केल्यामुळं पॅडचं मटेरियल एका जागी चिकटलेलं असतं, आणि १०-१५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पायाला चांगला कळतो. त्याचं मूळ पण बऱ्याचदा डिस्कमध्ये नसतंच, हबवरचा (चाक जिथं बसतं त्या मधल्या भागावरचा) गंज न खरवडता डिस्क बसवतात, रनआऊट, म्हणजे फिरताना डिस्कचं डगमगणं, तिथनं सुरू होतं, मग डिस्क फिरताना दर फेरीला एका जागी पॅडला घासते आणि तेवढीच जागा झिजत जाते. नवी डिस्क बसवताना हब साफ करा आणि डायल लावा, ०.०५ मिलिमीटरच्या आत आणा. उद्यमनगरात डायल गेज नाही असं गॅरेज शोधून सापडणार नाही, फक्त तो गेज खोक्यातनं बाहेर निघत नाही.

तर तुमच्याकडनं काय पाहिजे. बिडाचा ग्रेड आम्ही डोक्यानं सांगणार नाही. मूळ कंपनीची झिजलेली डिस्क आमच्याकडं आहे, ती कापा, स्पेक्ट्रोवर (धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या मशीनवर) टाका, हार्डनेस घ्या, मायक्रोस्कोपखाली बघा, ग्राफाइटचे फ्लेक कसे आहेत ते बघा, आणि मग एफजी २०० म्हणायचं की २२० की २६० ते तुम्ही सांगा. मला तुमच्यापैकी काहींचा स्वभाव माहितेय, जास्त स्ट्रेंग्थचं दिलं की गिऱ्हाईक खूश. डिस्कला तसं नसतं. ग्रे आयर्नमधला, म्हणजे या बिडातला, ग्राफाइटच उष्णता वाहून नेतो आणि आवाज गिळतो, नुसती स्ट्रेंग्थ वाढवायच्या नादात तो कमी केला तर डिस्क जास्त तापणार आणि कोकलणार. दुसरं, ओतल्यावर स्ट्रेस रिलीव्ह करा (परत तापवून आतला ताण काढा) किंवा निदान माल पडू द्या काही दिवस, तसाच गरमागरम टर्निंगला घेऊ नका, आतला ताण पहिल्या ट्रॅकच्या दिवशी बाहेर येतो. तिसरं, दोन्ही घासणाऱ्या बाजू एकाच सेटिंगमध्ये मारा. चौथं, हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या ओतीतला तो नंबर) आणि किमान जाडी डिस्कवर उमटवा, कोरा किंवा ओता, पण पाहिजे. ती किमान जाडी नसल्यामुळं लोक डिस्क टर्निंग करून करून पापड होईपर्यंत वापरतात.

ब्रेकबद्दल अजून एक, तुमच्या कामाचं नाही पण राहवत नाही. डिस्क कितीही चांगली दिली तरी फ्लुइड जुनं असलं तर सगळं पाण्यात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडं चार महिने हवेत ओलच असते. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, ओल धरली की १४०. डॉट ४ ला तेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे ओल धरलेलं डॉट ४ सुद्धा नव्या डॉट ३ च्या खाली आलं. कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. करुळ घाट उतरताना हे झालेलं ऐकलंय, त्याला ट्रॅकच पाहिजे असं काही नाही. लोक तीस हजाराचे अलॉय टाकतात आणि काहीशे रुपयांचं फ्लुइड पाच-पाच वर्षं बदलत नाहीत, याला काय म्हणायचं मला कळत नाही.

डिस्कनंतर दुसऱ्या नंबरला बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर. वीस वर्षांचं रबर म्हणजे खडू झालेला असतो. लोअर आर्मचे बुश गेले की अलाइनमेंट कितीही वेळा करा, ब्रेक मारला की चाक मागं सरकतं आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती ते) बदलतो, गाडी हायवेवर शेपूट हलवल्यासारखी चालते आणि माणूस टायरला दोष देतो. पॉलीयुरेथेनचे बुश टाकायची आता फॅशन आलीय आणि मला ते पटतं पण सगळीकडं नाही. मूळ रबराचा बुश धातूला चिकटवलेला असतो, आर्म फिरला की रबर पिळतं आणि परत येतं. पॉली पिळत नाही, ते स्लीव्हवर घसरायला पाहिजे, म्हणजे आतली स्लीव्ह गुळगुळीत पाहिजे, ग्रीस पाहिजे, आणि माप असं पाहिजे की आर्म हातानं फिरेल. इकडं लोक लेथवर पॉलीचा रॉड टर्न करून प्रेसनं ठोकून बसवतात, आर्म जाम, मग आर्म तरी वाकतो नाहीतर माउंटिंग तडकतं. एखाद्या रबर मोल्डिंगवाल्यानं मूळ मापाचा पण शोअर हार्डनेस (रबराचा कडकपणा) थोडा वाढवलेला रबराचाच बुश काढून दिला, मूळ ५५ च्या घरात असला तर ६५-७० चा, तर आमच्या कामाला तो पॉलीपेक्षा बरा. रस्त्यावर खड्डे आहेत, दात हलवून घ्यायचे नाहीत.

तिसरं काम शीटमेटलवाल्यांचं आणि अगदी छोटं. इंजिनच्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात, बॅफल, तेल अडवणारा पत्रा. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो, प्रेशर पडतं, आणि ७००० आरपीएमला बेअरिंगला तेल नसणं म्हणजे काय हे बेअरिंगच्या गावाला मी काय सांगू. पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे मेनन इथलेच. पत्र्याची दोन आडवी-उभी पानं, एका बाजूनंच उघडणारं दार, वेल्डिंग नीट, आणि आत एक चिमूटभर पण स्पॅटर राहता कामा नये. माझ्या मते पॉवर वाढवणाऱ्या कुठल्याही पार्टपेक्षा हा पत्रा आधी.

आता काय बनवू नका ते. हे जरा कडक लिहितोय, राग मानू नका.

बिडाचं मूळ फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) लेथवर घेऊन हलकं करून देऊ नका. पोरं येतात, म्हणतात अण्णा दोन किलो उतरवा, गाडी सटासट रेव्ह घेते. घेते, खरंय. पण ग्रे आयर्न ताणाला कच्चं, आणि फिरणाऱ्या कडेवरचा ताण स्पीडच्या वर्गानं वाढतो, आरपीएम दीडपट केला की ताण सव्वादोनपट. कुठं बारीक ब्लो होल (ओतताना राहिलेली पोकळी) असला किंवा टूलचा खाचा राहिला तर ते फुटताना बेलहाऊसिंग (त्याच्यावरचं कवच) फोडून बाहेर येतं आणि त्याच्या रेषेत चालवणाऱ्याचे पाय असतात. करायचंच असलं तर ईएन ८ किंवा ईएन २४ पोलादाचा फोर्ज्ड ब्लँक घ्या, नवीन बनवा, बॅलन्स करा, आणि त्याचे पैसे मागा. गिऱ्हाईक पैसे ऐकून पळालं तर चांगलंच झालं.

दुसरं, चाकाचे स्पेसर आणि पीसीडीची (बोल्टांच्या वर्तुळाच्या मापाची) जुगाडं. फियाटचा पीसीडी ४×९८, म्हणजे चार बोल्ट आणि ९८ मिलिमीटरचं वर्तुळ, सिटीचा ४×१००, फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून लोक ४×१०० चे अलॉय फियाटला ताणून बसवतात आणि बसतात पण. फियाटला नट नसतो, बोल्ट असतो, तो तिरका जाऊन बसतो, एक घट्ट झाला की समोरचा खोटा टॉर्क दाखवतो, आणि गाडी पळाली की सुटायला लागतो. वरनं मधलं भोक, फियाटच्या हबचं ५८.१, सिटीच्या हबचं ५६.१, म्हणजे होंडाच्या मापाचं चाक फियाटच्या हबवर बसतच नाही, मग ते भोक मोठं करून द्या म्हणून तुमच्याकडं येतात. द्यायचंच असलं तर किमान पीसीडीचं विचारा. चाक निसटलेली गाडी समोरनं येणाऱ्या एसटीला विचारून जात नाही.

तिसरं, सायलेन्सर. मोकळे पाईप वाकवून देणं बंद करा. त्यानं गाडी पळत नाही हे आपण सगळे जाणतो, रात्री अकराला राजारामपुरीत कुणाचं तान्हं पोर उठतं एवढाच त्याचा परिणाम, आणि मग नाक्यावर हवालदार आमच्या गप्प चालणाऱ्या गाड्यांना पण बोनेट उघडा म्हणतो. या धंद्यात तुमचे दोन पैसे सुटत असतील पण आमचं नाव तिथंच खराब होतं.

आता तुमच्या मनातल्या दोन गोष्टी. पहिली कायद्याची, कारण फोन केला की प्रत्येकजण हेच म्हणतो, नको बाबा आरटीओची लफडी. ही भीती खोटी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ नव्यानं लिहिलं गेलं, मालकानं बेकायदा बदल केला तर एका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि त्याच कलमात तुमच्यासाठी पण आहे, सरकारनं क्रिटिकल सेफ्टी कंपोनंट म्हणून जाहीर केलेला पार्ट नियमात न बसणारा विकला तर नगाला १ लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद. म्हणूनच मी सुरुवातीलाच मूळ मापाची, मूळ वजनाची डिस्क म्हटलं. मूळ स्पेसिफिकेशनची बदली डिस्क बसवणं म्हणजे गाडीत बदल करणं नव्हे, ती दुरुस्ती. मोठी डिस्क, भोकं पाडलेली डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर असलं काही आम्ही मागत नाही. कुठला पार्ट कुठल्या स्टँडर्डखाली येतो ते पुण्याला एआरएआयमध्ये (गाड्या आणि पार्ट तपासणाऱ्या संस्थेत) जाऊन आधी लेखी विचारू, तो हेलपाटा आमच्याकडं लागला. घट्ट बुश नियमाच्या कुठल्या बाजूला पडतो ते पण त्याच कागदात विचारू, उत्तर येईपर्यंत त्या बुशचा डाय (साचा) काढायची घाई नको.

आणि आरटीओत आम्हाला जायचंच असतं, चुकत नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून रिन्यू, वरनं पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची रिन्यूची फी १० हजार झालीय. पन्नास वर्षांच्या पुढच्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून वेगळी व्हीए सिरीज मिळते, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळं गाव मोबाईल वर करतं, पण मधल्या पंचवीस वर्षांच्या गाडीला कोण विचारत नाही, ती ना नवी ना वारसा. अशा गाडीला पासिंगला उभं करताना ब्रेक चांगले असणं ही सगळ्यांच्याच सोयीची गोष्ट आहे, तपासणाऱ्याच्या पण.

दुसरी गोष्ट, धंदा नाही. पन्नास जोडात धंदा नाही हे मान्य. पण मला कोइमतूरचं राहून राहून वाटतं. ते गाव आपल्यासारखंच, पंप, मोटारी, फौंड्री, कापडाच्या गिरण्या. तिथं एस. करिवर्धन नावाच्या गिरणीवाल्या माणसानं मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका सीटच्या रेसच्या गाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती म्हणून, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. तेव्हा त्यात पण कुणाला धंदा दिसला नसणार. त्या गाड्यांवर शिकलेला त्याच गावचा नरेन कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये गेला. करिवर्धन १९९५ ला विमान अपघातात गेले, ट्रॅकला त्यांचं नाव आहे, २.१ किलोमीटरचा, आणि त्याच्या आजूबाजूला आज रेसच्या गाड्यांचे पार्ट बनवणारी, इंजिन बांधणारी माणसं सापडतात. आमचा एक जण तिथं गेला की येताना चेसिस वेल्डरचा नंबर घेऊन येतो, आणि आपण शिरोलीत राहून तो नंबर घेतो, हे जरा लागतं.

आपल्याकडं काय कमी आहे सांगा. चालवणारे आहेत, ध्रुव मोहिते इथलाच, कृष्णराज महाडिक २०१८ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये पळाला. मोहितेंच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्यात. बनवणाऱ्यांचं तर विचारूच नका. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून १९१८ च्या सुमाराला इथंच स्वतःचा कॅमेरा उभा केला, दामले जोडीला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं घेतल्याशिवाय ऑइल इंजिनाची गोष्ट सुरू होत नाही. समोर पार्ट ठेवला की त्याचं माप घेऊन तसाच काढून द्यायचा हा या गावाचा नाद आहे. आज त्याच गावातनं ब्रेक ड्रम, हाऊसिंग, ब्लॉक भरून ट्रक पुण्याला, चेन्नईला जातात, आणि माझ्या गाडीची डिस्क मी कुर्ल्यात शोधतो.

तेव्हा अटी लिहितो, यात घासाघीस होऊ शकते.

पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा खर्च आम्ही वर्गणी काढून देणार, तालमीसारखी, फरक एवढाच की इथं पावतीवर गाडीचं मॉडेल असणार. पॅटर्न आमच्या मालकीचा राहील, तुमच्या शेडमध्ये ठेवू. सुरुवात पॅलिओ आणि सिटी या दोनच गाड्यांनी, कारण त्यांचीच संख्या जास्त आहे, सॅन स्टॉर्मवाल्यानं रुसू नये. ड्रॉइंग मी काढतोय, टू डी तयार झालंय, व्हेनचा सेक्शन कापलेल्या डिस्कवरनं घ्यायचा राहिलाय. पहिले चार नग ओतून, टर्न करून, दोन आम्ही कापणार आणि दोन माझ्या गाडीवर लावून आधी रस्त्यावर, मग ट्रॅकवर नेणार, तापमान दाखवणारा रंग लावून. तडे गेले, भिंत कमीजास्त निघाली, तर पुढचा लॉट थांबवायचा आणि त्या चार नगांचे पैसे आम्ही सोसायचे. बरोबर निघाले तर उरलेला लॉट घ्या तुमच्या सवडीनं, ज्या दिवशी त्या ग्रेडची हीट दुसऱ्या कामासाठी लावली असेल त्या दिवशी शेवटचे मोल्ड आमचे भरा, आम्हाला घाई नाही.

पोरं शिकाऊ असली तरी चालतील. उलट आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या पोरांना यात घ्याच, मोठ्या ऑर्डरमध्ये त्यांना एकच ऑपरेशन करायला मिळतं, इथं पॅटर्नपासून पेडलपर्यंत सगळं बघायला मिळेल, आणि आपण मारलेला कट ताशी शंभरला कसा वागतो ते त्याच गाडीत शेजारी बसून कळेल. हेल्मेट आमच्याकडं जादा आहे.

फक्त बिल पक्कं द्या. जीएसटीचं, हीट नंबर लिहिलेलं, सोबत टीसी. ते कागद आम्ही आरसी बुकाबरोबर गाडीत ठेवणार, कारण पासिंगला कुणी ही डिस्क कुठली म्हणून विचारलं तर नुसतं शिरोलीची म्हणून भागणार नाही.

आपला,
एक पॅलिओवाला
कोल्हापूर